उजवीकडून खायची संख्या

सासूबाई आमच्याकडे सीवूड्सला राहायला आल्या तेव्हा कामोठ्याच्या घरातून त्यांनी फारसं सामान आणलं नव्हतं. शिलाई मशीन, दोन बॅगा, लोणच्याच्या बरण्या आणि एक संख्या. मशीन बाल्कनीत गेलं, बरण्या ओट्याखाली गेल्या. संख्येला मात्र घरात जागा करून द्यावी लागली.

आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण त्या संख्येशी ओळख करून देण्याइतका मी जवळचा झालो नव्हतो. सासरे गेले, सासूबाई एकट्या पडल्या, आम्ही आग्रह करून त्यांना घेऊन आलो, आणि मग दुसऱ्याच दिवशी सकाळच्या चहाला त्यांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पेनानं लिहिलं : ७३९३९१३३.

"सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस," त्या म्हणाल्या. "जावईबापू, मूळ संख्या म्हणजे काय, आठवतंय?"

सासूबाईंनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं होतं. त्यांनी प्रश्न विचारला की माझी पाठ आपोआप ताठ होते. "जिला एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही ती," मी म्हणालो.

"शाब्बास. ही मूळ आहे. आता शेवटच्या अंकावर अंगठा ठेवा."

मी ठेवला. उरले ७३९३९१३.

"हीसुद्धा मूळ. आणखी एक अंक झाका."

मी झाकत गेलो, त्या "मूळ, मूळ" म्हणत गेल्या. ७३९३९१, ७३९३९, ७३९३, ७३९, ७३. शेवटी नुसते सात उरले. तेही मूळ. माझा अंगठा निळा झाला आणि चहा गार झाला.

"उजवीकडून कितीही तोडा, उरतं ते मूळच राहतं," सासूबाई म्हणाल्या. "आणि अशा जातीची याहून मोठी संख्या नाही. हिच्या पुढे कुठलाही अंक लावून बघा, लगेच भाग जातो. एक किंवा सात लावलात तर तीननंच जातो. तीन किंवा नऊ लावलात तर जरा खोदावं लागतं, पण जातो. बाकीच्यांचं तर बोलायलाच नको. इथं रस्ता संपतो."

हे सगळं त्यांनी कुठल्याशा शिक्षक शिबिरात ऐकलं होतं. पण कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, अशी त्यांच्या घरची शिकवण. निवृत्त झाल्यावर दुपारी जेवणं आटोपली की जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर त्या भागाकार करत बसायच्या. सासरे शेजारी झोपलेले असायचे आणि कूस बदलताना विचारायचे, "गेला का भाग?" त्या म्हणायच्या, "नाही." ते पुन्हा झोपायचे. संसार चांगला झाला होता, असं मला ते ऐकून वाटलं.

मी मात्र तेव्हा एक चूक केली. विचारलं, "पण आई, याचा उपयोग काय?"

सासूबाईंनी बशीतला चहा संपवला आणि शांतपणे म्हणाल्या, "प्रत्येक गोष्टीचा उपयोग विचारू नये. तुमच्याबद्दल मी कधी विचारलाय?"

बायको ओट्यापाशी कणीक मळत होती. तिचे खांदे हलायला लागले.

त्यानंतर ती संख्या घरात नांदायला लागली. वायफायचा पासवर्ड तीच झाली. पासवर्ड लपवून ठेवायचा असतो, हे सासूबाईंना कधीच पटलं नाही. कुणी मागितला की आधी त्याला समोर बसवायच्या, अंगठ्यानं अंक झाकायला लावायच्या, मग द्यायच्या. त्यामुळे आमच्या मजल्यावरचे सगळे आमचंच इंटरनेट वापरायचे आणि त्या सगळ्यांना मूळ संख्या यायच्या. लिफ्ट दुरुस्त करायला आलेला माणूस लिफ्ट तशीच ठेवून गेला, पण जाताना म्हणाला, "मॅडम, सातशे एकोणचाळीसपर्यंत मी स्वतः तपासलं. बरोबर आहे."

पटलं नाही ते फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना. हे काका इथलेच, मूळ गाववाले. शहर वसण्याआधी त्यांची इथं शेती होती, असं ते सांगायचे, आणि ती नेमकी आमच्या पार्किंगखाली होती असंही सांगायचे. नोकरी केली ती जमीन मोजणीच्या खात्यात. संध्याकाळी खालच्या बाकावर सासूबाईंची आणि त्यांची गाठ पडायची. सासूबाईंनी त्यांनाही अंगठ्यानं अंक झाकायला लावले होते. काकांनी शेवटपर्यंत झाकलं आणि म्हणाले, "बाई, पन ही उजवीकरनच का तोडायची? डावीकरन तोडली तं?"

"डावीकडून नाही चालत."

"मंग अर्धीच चांगली हाय."

सासूबाई वर आल्या त्या रागानं लाल होऊन. रात्री जेवताना म्हणाल्या, "अर्धीच चांगली म्हणे. माणसं तरी कुठं दोन्हीकडून चांगली असतात?"

मग त्यांचा त्र्याहत्तरावा वाढदिवस जवळ आला. सासूबाईंना वाढदिवसाचं अजिबात कौतुक नाही. साठावा, पंचाहत्तरावा असल्या गोष्टींना त्या हसतात, कारण साठाला कशानंही भाग जातो. पण या वेळी त्यांनी स्वतःहून विषय काढला.

"माझी संख्या माणसाच्या आयुष्यात दोनदाच येते," त्या म्हणाल्या. "एकदा सातव्या वर्षी. तेव्हा मला गोवर झाला होता आणि हे काही माहीतही नव्हतं. दुसऱ्यांदा त्र्याहत्तराव्या वर्षी. पुढची संधी सातशे एकोणचाळीसला. तोवर मी थांबेन असं वाटत नाही."

बायको म्हणाली, "टेन्शन नको घेऊस आई. मॉलमधून मोठा केक आणू, त्याच्यावर नंबर लिहून घेऊ."

"केकवरचा नंबर सुरीनं कापतात. त्यात अर्धा तीन इकडे, अर्धा तिकडे. अपूर्णांक होतात. मला प्रत्येक अंक सुटा हवा. उजवीकडून एकेकानं उचलायचा आणि खायचा. उरेल ते मूळच असेल."

बराच विचार झाला. शंकरपाळे फार लहान, चकलीचा अंक तुटतो. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "जिलबी." आपले मराठी आकडे डोळ्यांसमोर आणा. सात, तीन, नऊ, एक, सगळे गोलाकार, सगळ्यांना वळसा आणि शेपूट. त्या संख्येत चार, पाच, आठ असला एकही अडचणीचा अंक नाही. जणू जिलबीसाठीच जन्माला आली होती.

मला नेरूळच्या एका मिठाईवाल्याकडे पाठवण्यात आलं. मी कागद पुढे केला आणि हाताच्या पंज्याएवढे आठ अंक हवेत, असं सांगितलं. त्यानं कागद डोळ्यांजवळ नेला.

"लॉटरी लागली काय साहेब?"

"नाही. सासूबाईंचा वाढदिवस आहे."

"किती वर्षांच्या झाल्या?"

"त्र्याहत्तर."

त्यानं पुन्हा कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "त्र्याहत्तर समजला. मागचा इतना सारा काय आहे?"

मी समजावून सांगायला लागलो. काउंटरवर अंगठा ठेवून दाखवला. मागे उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, "भाऊ, माझे फक्त पाव किलो समोसे आहेत." समोसे किलोवर मिळत नाहीत, हे त्यांना सांगण्यात मिठाईवाल्याचा वेळ गेला आणि माझी सुटका झाली.

वाढदिवसाच्या दिवशी दुपारी मी जिलब्या घेऊन आलो. बायको वाशीला एपीएमसी मार्केटमध्ये मसाल्याच्या एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात काम करते. ती येताना केळीची पानं घेऊन आली होती. हॉलमधल्या टेबलावर पानं अंथरली आणि अंक मांडले. केशरी, चकचकीत, पाकानं ओथंबलेले. खरंच देखणे दिसत होते. सासूबाई साडी बदलून बाहेर आल्या, टेबलापाशी उभ्या राहिल्या आणि त्यांचा चेहरा पडला.

"हा एक आहे की नऊ?"

उजवीकडून तिसरा अंक. मी मान तिरकी करून पाहिलं. नऊच होता. मिठाईवाल्यानं दोनाऐवजी तीन नऊ काढले होते.

"राहू दे ना आई," बायको म्हणाली. "कोण बघतंय?"

"मी बघतेय." सासूबाई कागद घेऊन आतल्या खोलीत गेल्या. आम्ही दोघं माशा वारत उभे राहिलो. जरा वेळानं त्या बाहेर आल्या. "सहा अंकांपर्यंत चालतं, तीच तर गंमत आहे. ७३९३९९ मूळच आहे. सातव्या अंकाला घात होतो. सत्तेचाळीसनं भाग जातो. पाहुण्यांना मी हे खाऊ घालू?"

पाहुण्यांना सत्तेचाळीसनं काही झालं नसतं, पण हे बोलायची माझी छाती नव्हती. मी गाडीची किल्ली शोधायला लागलो. तेवढ्यात बायकोनं सांडशीनं तो नऊ अलगद उचलला, डोशासारखा पालथा घातला आणि परत ठेवला. पानावर एक होता.

जिलबीला पुढची बाजू आणि मागची बाजू नसते, हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. सासूबाईंनी लेकीकडे बराच वेळ पाहिलं. दहावीला हिला गणितात फार कमी मार्क पडले होते आणि त्यावरून घरात आठवडाभर अबोला होता, हे मला माहीत होतं. "तुला त्या वेळी थोडे कमीच दिले बोर्डानं," सासूबाई म्हणाल्या.

पाच वाजता माणसं आली. सकाळी फिरायला जाणाऱ्या सासूबाईंच्या मैत्रिणी, समोरच्या फ्लॅटमधलं जोडपं आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका. आम्ही तिघं धरून अकरा जण. काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. ते टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवर बसले. सासूबाई अलीकडे उभ्या होत्या. वर्गात उभ्या राहायच्या तशाच असणार.

"नियम सोपा आहे," त्या म्हणाल्या. "प्रत्येकानं उजवीकडचा एकच अंक उचलायचा. डावीकडून नाही, मधून नाही. एकाचं खाऊन झालं की दुसऱ्यानं. पहिला मान वयानं मोठ्या माणसाचा."

वयानं मोठे काका होते. ते उठले, हात पुढे केला, आणि सात उचलला. कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी त्याचा मोठा घास घेतला.

मैत्रिणींपैकी एकीनं "अगंबाई" म्हटलं, तेही हळूच.

सासूबाई उरलेल्या अंकांकडे पाहत होत्या. त्यांचे ओठ हलत होते. एक आड एक अंकांची बेरीज करून वजाबाकी चालली होती, हे मला नंतर कळलं. "एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस," त्या म्हणाल्या. "अकरानं भाग जातो. पहिल्याच घासाला."

"मी सांगितल्यापरमानं उजवीकरचाच घेतला," काका तोंडातली जिलबी सांभाळत म्हणाले.

"ती डावी बाजू आहे."

"तुमची डावी. मी हिकरं बसलोय. माझी उजवी." त्यांनी शांतपणे उजवा हात वर करून दाखवला. त्यातून पाक मनगटावर ओघळत होता. "बाई, मी जल्मभर जमिनी मोजल्या. नकाशावर उत्तरेचा बान काढल्याबिगर मोजनी होत नाय. तुमी बान काढला नाय."

आता काय होणार, या काळजीनं मी बायकोकडे पाहिलं, बायकोनं माझ्याकडे. सासूबाईंनी पदर नीट केला. मोठी चूक सापडली की विद्यार्थ्याची असो वा स्वतःची, त्या आधी पदर नीट करतात.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "व्याख्येत त्रुटी राहिली. वाचणाऱ्याच्या उजवीकडून, असं म्हणायला हवं होतं."

"मंग आता अकरानं भाग जातोय ना," काका म्हणाले. "आपन माणसं किती?"

मी मोजून सांगितलं, अकरा.

"झालं तं. वाटून घ्या."

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. "प्रत्येकाला तीन लाख अठ्ठावन्न हजार एकशे तीन येतील," त्या म्हणाल्या, आणि मग त्या हसायला लागल्या. सासरे गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. त्यांना खुर्चीवर बसवून पाणी द्यावं लागलं. पाणी पितानाही त्या मधेच थांबून "तीन लाख" म्हणायच्या आणि पुन्हा हसायच्या. काका मात्र गंभीरपणे उरलेला सात संपवत होते.

पण नवा सात लागणारच होता. मी पुन्हा नेरूळला गेलो. कढई अजून तापलेली होती, पण मिठाईवाल्यानं हात जोडले. "साहेब, एका सातासाठी घाणा नाही टाकत. तेलाला पण इज्जत आहे."

"मग पूर्ण घाणा टाका."

"सगळे सातच?"

"सगळे सातच."

तो माझ्याकडे जरा दयेनं पाहत होता. सासुरवाडीचा जाच पुरुषांनाही असतो, हे त्याला बहुधा पहिल्यांदाच दिसलं असावं. त्यानं कढईभर सात तळले, पाकातून काढले आणि दोन खोक्यांत भरून दिले. एक वर खायला दिला, पैसे न घेता.

घरी आलो तेव्हा काकांना टेबलाच्या अलीकडे, सासूबाईंच्या शेजारी बसवलेलं होतं. बायकोनं केळीच्या पानावर हळदीनं एक बाण काढला होता. सात जागेवर ठेवला. समोरच्या फ्लॅटमधल्या माणसानं खोकं उघडून विचारलं, "बाकीचे सात एकापुढे एक मांडले तर?"

"पहिला सोडून एकही मूळ नाही," सासूबाई म्हणाल्या. "सत्त्याहत्तर, सातशे सत्त्याहत्तर, कितीही मांडा, सातनं भाग जाणारच. बिनधास्त खा. त्यांना काही नियम नाही."

मग खरं खाणं सुरू झालं. तीन गेला, तीन गेला. पालथा घातलेला एक समोरच्या वहिनींच्या वाट्याला आला आणि तो उलट्या बाजूनंही गोडच लागला, असं त्यांनी सांगितलं. प्रत्येक घासानंतर सासूबाई उरलेली संख्या मोठ्यानं वाचायच्या आणि सगळे "मूळ" म्हणायचे. दारावर कुरिअरवाला आला होता. तो पार्सल हातात धरून तसाच उभा राहिला. नऊ गेला, तीन गेला, नऊ गेला. पानावर राहिले सात आणि तीन.

सासूबाई थांबल्या. सगळेच थांबले. त्र्याहत्तर. वाढदिवसाची बाई आणि तिचं वय समोरासमोर, एकाच केळीच्या पानावर.

"हा तू घे," असं म्हणून त्यांनी तीन लेकीला दिला. बायकोनं तो उभ्यानंच खाल्ला. तिचे डोळे भरून आले होते, पण ती म्हणाली पाक फार झालाय. मग सासूबाईंनी सात उचलला आणि खिडकीपाशी जाऊन, आमच्याकडे पाठ करून, सावकाश खाल्ला. त्या वेळी त्यांच्या मनात काय होतं ते मी विचारलं नाही. माझा उपयोग काय, हे पुन्हा ऐकायचं नव्हतं.

कुरिअरवाल्याला दोन सात देऊन पाठवलं. उरलेले सात बिल्डिंगभर वाटले. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंच्या चहासोबत एक सात होता, दुपारी एक होता आणि संध्याकाळी खालच्या बाकावर डब्यातून दोन गेले, एक काकांसाठी. तिसऱ्या दिवशी बायकोला संशय आला. तिनं आईला धरून डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला लावलं. रिपोर्ट आला तेव्हा मीही बरोबर होतो. त्यांनी कपाळाला हात लावला. "आजी, जेवणानंतरची साखर दोनशे अकरा आहे. काय खाल्लंत?"

सासूबाई खुर्चीत पुढे सरकल्या. "दोनशे अकरा? मूळ आहे," त्या म्हणाल्या. मग लगेच त्यांचा उत्साह ओसरला. "पण शेवटचा एक काढला की एकवीस राहतात. तीननं जातो. खास काही नाही."

डॉक्टरीणबाई माझ्याकडे पाहायला लागल्या. मी खिशातून पेन काढलं, पण बायकोनं ते परत खिशात घालायला लावलं. साखरेची गोळी सुरू झाली, गोड बंद झालं, रोज चालणं सक्तीचं झालं.

त्या संध्याकाळी मी दूध घेऊन येत होतो तेव्हा दोघं सोसायटीला फेऱ्या मारताना दिसले. काका हातवारे करून काहीतरी सांगत होते. त्यांनीही साखर तपासून घेतली होती.

"माझी एकशेऐंशी आली," काका म्हणाले. आवाजात थोडा विजय होता. "तुमच्यापरीस कमी हाय."

सासूबाई चालता चालता थांबल्या. त्यांनी काकांकडे अशा नजरेनं पाहिलं, जसं आजारी माणसाकडे पाहतात.

"एकशेऐंशी," त्या हळूच म्हणाल्या. "अहो, तिला तर कोणीही येऊन भाग देईल."